पाचशे तीन माणसं

“लिंबाजीराव,” असं मागून कुणीतरी म्हणालं आणि लिंबाजी सोनकांबळेच्या हातातलं खोडरबर कागदावरच थांबलं. लातूरच्या त्या नव्या कचेरीत त्याला कुणी सोनकांबळे म्हणत, साहेब घाईत असले की नुसतं कांबळे म्हणत, शिपाई सोनकांबळेसाहेब म्हणत आणि म्हणताना जरा हसत. राव कुणी लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण तो दचकला तो त्या रावामुळे नव्हे. आवाज ओळखीचा होता. लहानपणापासून त्याने तो लांबून ऐकला होता, ओट्यावरून खाली रस्त्यात फेकल्यासारखा, आणि त्या आवाजात त्याचं नाव नेहमी ‘ए लिंब्या’ असंच असायचं. पाठीचा कणा ताठ झाला, पण ताठ होण्याआधी क्षणभर वाकला. ते वाकणं त्याला कळलं. अडतीस वर्षांचा, बी.ए. झालेला, तेरा वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, आणि पाठ अजून त्या ओट्याखालीच उभी. त्याने वळून पाहिलं नाही. आकडा पूर्ण पुसला, कागदावरचा भुगा फुंकला, आणि मग म्हणाला, “बसा.”

ईश्वरप्पा बसला. कोनाळगीचा पोलीस पाटील, वय साठीच्या पुढे, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, धोतराला फाट्यापर्यंतची धूळ. खुर्चीच्या कडेवर बसला होता, जणू खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे. लिंबाजीला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. ईश्वरप्पाने गावची हकिगत सांगितली. दोन वर्षं पाऊस नाही. तीन विहिरी तळाला गेल्या. पाण्याचा टँकर फाट्यावर येतो, तिथल्या हौदात रिकामा होतो आणि जातो, कारण फाट्यापासून गावापर्यंत नऊ किलोमीटर नुसती बैलवाट, मधे दोन ओढे. “माणसं चालून चालून मरून राहिलीत,” तो म्हणाला. “आता नवा जिल्हा झाला. आमाला वाटलं, कचेरी जवळ आली, कायतरी होईल. तर म्हणे रोजगार हमीतून रस्ता द्यायचा तो पाचशे माणसांच्या गावालाच. आमी तीनशे एक्क्याण्णव.” मग तो थांबला. खाली बघून पुढे म्हणाला, “तुमची वस्ती धरली तर होतंय. एकशे बारा. पाचशे तीन होतात. गाव एकच हाय की, लिंबाजीराव.”

गाव एकच. लिंबाजीने टेबलाचा खण उघडला आणि उगाच बंद केला. खानेसुमारीच्या जुन्या नोंदी उस्मानाबादहून ट्रकने आल्या तेव्हा गठ्ठे सोडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने आपलं गाव शोधून काढलं होतं. कोनाळगी, एक ओळ. खाली दुसरी ओळ, ओढ्यापलीकडची वस्ती, वेगळी. समासात कुण्या गणना करणाऱ्या मास्तराची बारीक टीप होती: पोलीस पाटलाच्या सांगण्यावरून वस्ती गावापासून वेगळी दाखवली. एक्कावन्न साली वेगळी, एकसष्टला वेगळी, एकाहत्तरला आणि एक्क्याऐंशीला वेगळी. आधी ईश्वरप्पाचा बाप सांगत होता, मग ईश्वरप्पा. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली, दारावर भीमनगर अशी पाटी लावली, तरी कागदावर ती ओढ्यापलीकडचीच राहिली. मास्तरने विचारलं असेल, यांना गावात धरू का? आणि ओट्यावरून आवाज आला असेल, न्हाई. इतकं सोपं. आता तोच आवाज लातूरला, त्याच्या टेबलासमोर, राव लावून, ते न्हाई परत मागत होता. “बघू,” लिंबाजी म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडात हाच कचेरीचा शब्द आला, आणि ईश्वरप्पा त्या शब्दालाही हात जोडून उठला.

संध्याकाळी घरी जाताना शहर त्याला नेहमीसारखं अंगावर आलं. जिल्हा झाल्यापासून लातूरला जिकडेतिकडे खणून ठेवलं होतं, गटारासाठी, नळासाठी, दुकानांच्या नव्या रांगांसाठी, आणि पावसाविना ती सगळी माती वाऱ्यावर होती. दात घासले तरी कचकच जात नसे. नोकरीवर हजर व्हायला आला तेव्हा तीन आठवडे तो खोली बघत फिरला होता. घरमालक हसून चहा द्यायचे, नाव विचारायचे, आडनाव विचारायचे, मग बायकोला विचारून सांगतो म्हणायचे. शेवटी पाशामियाँ नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याने खोली दिली. त्याने फक्त विचारलं, “अकेले रहते ना?” लिंबाजीची बायको उदगीरला शाळेत शिकवायची, तो रविवारी तिकडे जायचा. एकटाच होता म्हणायला हरकत नव्हती. आज पाशामियाँ दारात रिकाम्या बादल्या घेऊन बसला होता. “पानी नै आया साब, आज बी,” म्हणाला. लिंबाजी खाटेवर पडला. समोरच्या भिंतीचा पोपडा निघाला होता, त्याचा आकार तालुक्याच्या नकाशासारखा दिसत होता, आणि त्यात एक ठिपका त्याने नको असताना शोधला. ना मोठा रस्ता, ना एसटी, ना दवाखाना. जवळचं बस थांब्याचं ठिकाण: कोनाळगी फाटा, नऊ किलोमीटर. हा रकाना त्याने स्वतःच्या हाताने गेली चार वर्षं भरला होता. भरताना त्याला समाधान वाटायचं. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं, पण वाटायचं. राहा तसेच. नऊ किलोमीटर लांब, पाचशेच्या आत, नकाशाच्या कोपऱ्यात सुकत राहा. आपली माणसंही त्यातच सुकतात हे त्याला माहीत होतं, पण त्या विचारापाशी तो फार वेळ थांबत नसे.

साहेबांनी दोन दिवसांनी ईश्वरप्पाचा रस्त्याचा अर्ज त्याच्याकडेच दिला. “कांबळे, तुमचंच गाव ना? मग जा, घरोघर यादी करून आणा. हजर माणसंच धरायची. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर असेल तो नाही. आणि रस्ता ज्या वस्तीची माणसं जास्त त्या वस्तीपर्यंत, हे लक्षात ठेवा. नाहीतर पुन्हा भांडणं.” लिंबाजी हो म्हणाला. शिरूर अनंतपाळकडे जाणाऱ्या एसटीने सकाळी सातला त्याला फाट्यावर उतरवलं. गाडी धुरळा टाकून गेली आणि तो तिथे उभा राहिला. बाभळीची दोन झाडं, टँकरचा सिमेंटचा हौद, हौदाभोवती मोकळ्या घागरींची रांग. याच जागी, चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्याच्या आत आपण निघून जाऊ, असं तो कुणाला तरी म्हणाला होता, आणि त्र्याहत्तरच्या मेमध्येच निघाला होता. तो बाभळीकडे बघत नव्हता. बघायचं नाही असं ठरवलं की नेमकं काय बघायचं नाही ते स्पष्ट होत जातं. चांगुणा, धाकटी बहीण. बाजेवर. चार जणांनी खांद्यावर आणलेली बाज खाली ठेवली तेव्हा ती म्हणाली होती, दादा, सावलीत सरकव. ती एकोणीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, दोन दिवस अडलेली. पहिली एसटी आली ती थांबली नाही. खच्चून भरलेली होती, दुष्काळात सगळी माणसं कुठेतरी निघालेली. दुसरी तीन तासांनी होती. ती थांबली, पण तोपर्यंत थांबायचं कारण उरलं नव्हतं.

पण त्याच्या मनात नेहमी त्याआधीचं दृश्य येई. बाज खांद्यावर घेण्याआधी तो धावत गावात गेला होता, ईश्वरप्पाच्या ओट्याखाली. बैलगाड्या फक्त गावठाणात होत्या, आणि त्या दुष्काळात धडधाकट बैल फक्त ईश्वरप्पाकडे. ईश्वरप्पा ओट्यावर दाढी करून घेत होता, गालाला फेस. तोंड न हलवता म्हणाला, बैलं छावणीला गेल्यात. आणि तेवढ्यात मागच्या गोठ्यात बैलाने नाक फुंकलं. दोघांनी ऐकलं. न्हाव्यानेही ऐकलं, कारण त्याचा वस्तरा क्षणभर थांबला. ताज्या शेणाचा वास येत होता. पंचवीस वर्षांचा लिंबाजी, बी.ए.चं दुसरं वर्ष सोडून खडी फोडायला आलेला, तिथे उभा होता, आणि त्याच्या तोंडून निघालं, “बरं, अप्पा.” तेरा वर्षं झाली. ईश्वरप्पाचं खोटं तो एखाद्या वेळी विसरलाही असता, पण ते ‘बरं’ गेलं नाही. बस चुकली की यायचं, साहेब ओरडले की यायचं, रात्री पाणी प्यायला उठला की घशात तेच. गोठ्यात शिरून बैल सोडायला हवे होते. मार खायला हवा होता. निदान अप्पा म्हणायला नको होतं. आता तो नऊ किलोमीटर चालत गेला, दोन्ही कोरड्या ओढ्यांतून, आणि चालताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

गावठाणात त्याला पहिल्यांदाच घरोघर बसायला सांगितलं गेलं. कुणी घोंगडी टाकली, कुणी पोतं. त्याने बसणं टाळलं, दारात उभं राहूनच लिहिलं. बरीच घरं कुलपात होती, त्यांच्या कड्यांवर कोळ्यांची जाळी. ज्या घरांत माणसं होती ती गेलेल्यांचीही नावं सांगत होती, पुण्याला कंपनीत गेलेला मुलगा, निजामाबादला विडीच्या कामावर गेलेली सून, लग्न होऊन सात वर्षं झालेली पोरगी. सगळे इथेच राहतात, आत्ताच बाहेर गेलेत, येतीलच. “घराला कुलूप हाय,” लिंबाजी म्हणायचा. “किल्ली आमच्यापाशी हाय की,” उत्तर यायचं. त्याने एकही लिहिलं नाही. आयुष्यात इतकं काटेकोर काम त्याने कधी केलं नव्हतं. चूल पेटलेली दिसली तर माणूस, नाहीतर नाही. ईश्वरप्पा मागे मागे फिरत होता, “धरा की, लिंबाजीराव, आपलीच माणसं,” आणि लिंबाजी दरवेळी साहेबांचा आदेश वाचून दाखवायचा, सावकाश, एकेका शब्दावर थांबून. दुपारपर्यंत गावठाणात दोनशे त्रेचाळीस माणसं भरली. ओढा ओलांडून वस्तीत गेला, तिथे सत्त्याण्णव. एकूण तीनशे चाळीस. एकशे साठ कमी. ओढ्यात उभं राहून त्याने बेरीज केली आणि त्याला हसू आलं. खरं तेच लिहिलं तरी पुरे होतं. कुणाचा सूड घ्यायलाही काही करावं लागत नव्हतं.

नागुबाई, त्याची थोरली बहीण, घराच्या सावलीत बसून ज्वारी पाखडत होती. गुडघे गेलेले, एका पायात चप्पल. तिने त्याला भाकरी आणि लाल चटणी दिली आणि तो जेवेपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाली, “झालं का मोजून?”

“झालं. बसत न्हाई, अक्का. तीनशे चाळीस.”

“मग काय करणार?”

“काय करायचं? जे हाय ते लिहिणार. ईश्वरप्पाला रस्ता पाहिजे, मिळणार न्हाई.” हे बोलताना आपला आवाज हलका झालाय हे त्याला जाणवलं.

नागुबाईने सूप खाली ठेवलं. “ईश्वरप्पाला पाहिजे. आन् मला?”

“तुला माहिताय सगळं. चांगुणाचं.”

“मला न ठाऊक असायला काय झालं. माझ्या मांडीवर गेली ती.” ती त्याच्याकडे बघत नव्हती, कोंड्याकडे बघत होती. “माझ्या सुनेला सहावा चालूय. तिला न्ह्यायला बाज हाय, चार माणसं न्हाईत. तरणे समदे गेले. टँकरचं पाणी फाट्यावर, आन् माझे गुडघे असे. तू त्या दिवशी फाट्यावरून गेलास तो परत आला न्हाईस. तुला राग परवडतो, लिंबा. पगार हाय, नळ हाय. तुझा राग तुझ्यापाशी ठेव. मला एसटी पाहिजे.”

तिच्यावर तो चिडला होता, तेरा वर्षांत पहिल्यांदा, आणि चिडण्याला जागा नव्हती. चांगुणा तिचीही बहीण. रडायचा हक्क तिचा जास्त, तो सोडून ती गाडी मागत होती. त्याने वही काखोटीला मारली आणि ओढा ओलांडून शाळेत गेला. शाळा म्हणजे एक खोली, मास्तर दोन महिन्यांपासून आलेला नव्हता. दुपारचे दोन वाजले होते, पत्र्याचा आवाज येत होता तापून. तो मास्तरच्या टेबलाशी बसला आणि वही उघडली. गावठाणाची पानं संपलेली होती, दोनशे त्रेचाळीस, एकही खोटं नाही, आणि त्यांत तो एक काडीही वाढवणार नव्हता. वस्तीचं पान मात्र शेवटी मोकळं होतं. साहेबांचं वाक्य त्याला आठवलं, ज्या वस्तीची माणसं जास्त त्या वस्तीपर्यंत. मग त्याने लिहायला घेतलं.

पहिलं नाव सहज आलं. गंगाराम, वय सत्तर. गंगाराम एकाहत्तर साली गेला होता, पण जिवंत असता तर सत्तरच झाला असता. त्याची बायको. त्यांचे दोन मुलगे, मुंबईला गोदीत, त्यांच्या बायका, त्यांची मुलं, जी त्याने कधी पाहिली नव्हती, म्हणून चार धरली. मग शेजारचं घर, जिथे आता निवडुंग उगवला होता. खंडू, जो मसणवट्याची राखण करायचा. देवकाबाई, जिने त्याला पहिलीत पाटी घेऊन दिली. बहात्तरच्या पटकीत एका आठवड्यात गेलेली अख्खी पाच माणसं, त्यांची वयं तो बोटांवर वाढवत गेला. मेलेल्यांना तेरा-चौदा वर्षं म्हातारं करायचं, मुलांना मोठं करायचं, मुलींची लग्नं लावायची की नाही ते ठरवायचं. घामाने कागद ओला होत होता, तो रुमाल मनगटाखाली धरून लिहीत राहिला. वस्ती त्याच्यासमोर भरत चालली. घराला दार येत होतं, दारात माणूस, चुलीत धूर, आणि त्याच्या मनात जे होतं त्याला आनंद म्हणता आलं नसतं. गावठाण तुम्ही मोजलं, आम्हाला वेगळं लिहिलं, आता आम्ही मोजतो. शंभर. एकशे वीस. ज्या बायांची लेकरं जन्मताच गेली होती त्या लेकरांचीही नावं ठेवली. संध्याकाळच्या सुमारास तो एका घरापाशी आला जिथे त्याला लिहावंसं वाटेना, तरी त्याने लिहिलं. चांगुणा, वय बत्तीस. खाली एक ओळ मोकळी राहिली. पोटातलं काय होतं ते कुणालाच कळलं नव्हतं. त्याने मुलगी लिहिली, वय तेरा, आणि नाव सुमन. मग बेरीज केली. वस्ती दोनशे साठ. गावठाण दोनशे त्रेचाळीस. एकूण पाचशे तीन, ईश्वरप्पाने लातूरला सांगितलेला आकडा, एक इकडे नाही, एक तिकडे नाही.

उजेड असतानाच तो ईश्वरप्पाच्या ओट्यावर चढला. तेरा वर्षांपूर्वी तो खाली उभा होता, आज वर बसला, कारण सहीला टेबल लागतं आणि टेबल ओट्यावर होतं. ईश्वरप्पाची बायको बसम्मा दाराच्या आड उभी होती. ईश्वरप्पाने चष्मा लावला, एकूण आकडा आधी बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. मग गावठाण बघितलं, वस्ती बघितली, आणि उजळलेला चेहरा हळूहळू विझला. त्याला कळायला वेळ लागला नाही. “मंजे रस्ता तुमच्याकडं जाणार.”

“ओढ्यापलीकडं. जिथं माणसं जास्त तिथपर्यंत. फतवा तसा हाय.”

ईश्वरप्पाने पान उलटलं. तो एकेक नाव बोटाने वाचू लागला, ओठ हलवत. “गंगाराम,” तो म्हणाला, “हा तर...” लिंबाजीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. “पोलीस पाटील तुमी. तुमी सांगा, हाय का न्हाई. न्हाई म्हणलात तर खोडतो. पण मग पाचशे होत न्हाईत.” ईश्वरप्पाचं बोट पुढे सरकलं. खंडू. देवकाबाई. पटकीत गेलेली पाच. तो प्रत्येकाला ओळखत होता, हे लिंबाजीला तेव्हा लक्षात आलं, आणि त्याला ते नको होतं. या माणसाला नावं ठाऊक होती. कोण कुणाचा, कधी गेला, सगळं. बोट शेवटच्या पानावर आलं आणि थांबलं. गोठ्यात आता बैल नव्हते, चारा नसल्यामुळे ते गेल्याच वर्षी विकले गेले होते, आणि तिकडून कुठलाही आवाज येत नव्हता.

“चांगुणा,” ईश्वरप्पा म्हणाला. मग खालची ओळ वाचली, पण तोंडाने उच्चारली नाही.

“हाय का न्हाई, अप्पा?”

ईश्वरप्पाने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. त्याचे हात थरथरत होते का, हे लिंबाजी लक्ष देऊन बघत होता. थरथरत नव्हते. ती तेव्हा किती वर्षांची होती, असं विचारावं तसं ईश्वरप्पाचं तोंड उघडलं आणि मिटलं. आतून बसम्मा कानडीत म्हणाली, “सही माड्री,” आणि मग मराठीत, “करून टाका न्हाय तर नगं म्हणा. बाई तिथं मेली ती मेली, हितं काय बघत बसता.” ईश्वरप्पा तिच्याकडे वळला नाही. “हाय,” तो म्हणाला. “राहते.” आणि त्याने सही केली, शाई जास्त येऊन एक डाग पडला तो फुंकत राहिला. लिंबाजी या क्षणाची तेरा वर्षं वाट बघत होता असं त्याला वाटायचं. आता तो समोर होता. काही झालं नाही. फक्त खूप तहान लागली होती आणि त्याला या घरात पाणी मागायचं नव्हतं. त्याने वही उचलली, ओट्यावरून उतरला आणि फाट्याकडे निघाला. निम्म्या वाटेवर अंधार पडला. फाट्यावर शेवटची एसटी मिळाली, बसायला जागाही मिळाली.

रस्ता झाला. पुढच्या उन्हाळ्यात गावठाणातले आणि वस्तीतले दोघंही त्याच्यावर खडी फोडायला आले, कारण दुसरं काम नव्हतं. अठ्ठ्याऐंशीला पहिली एसटी वस्तीपर्यंत आली आणि पिंपळाखाली वळली. तोवर लिंबाजी लातूरला नव्हता. कुणीतरी निनावी अर्ज केला होता, यादीत मेलेली माणसं आहेत असा. अक्षर ईश्वरप्पाच्या धाकट्या मुलाचं असावं असं त्याला वाटलं, नक्की कधी कळलं नाही. चौकशी झाली, तशी फार नाही, कारण रस्ता सुरू झालेला होता आणि तो कुणालाच परत उकरायचा नव्हता. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून विचारलं, “कांबळे, तुम्ही शिकलेली माणसं असं करता?” त्याची बदली नांदेड जिल्ह्यात झाली, बिलोलीला. तिथे तो दुसऱ्या गावांचे रकाने भरत राहिला, लोकसंख्या, अंतर, थांबा. बिलोलीतही खोली शोधायला वेळ लागला. बायको उदगीरहून शनिवारी यायची.

नागुबाई एकदा स्वतः आली. कोनाळगी ते उदगीर, उदगीर ते देगलूर, देगलूर ते बिलोली, तीन गाड्या, वाटेत दोनदा उलटी. दारात आली ती घामाघूम, पिशवीत नाचणीसारख्या रंगाची ज्वारी आणि शेंगा. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, कारण त्याला तिची अशी सवय नव्हती, एकटी, तिकीट हातात घट्ट धरलेली. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं, चूल पेटवून भाकऱ्या टाकायला घेतल्या. सुनेला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला होता, दवाखान्यात, गाडीने नेऊन. वस्तीतली सहा घरं बंद झाली होती. “पयले लोक जायला घाबरायचे, तीन कोस चालायचं म्हणून,” ती म्हणाली. “आता दारातून गाडी भेटती. सकाळची गाडी येती रिकामी, जाती भरून. पुण्याला, मुंबईला. पाठवणारी मी, थांब कसं म्हणू.”

लिंबाजी भाकरी थापत होता. काही वेळाने त्याने विचारलं, जरा सहज विचारल्यासारखं, “गावठाणातले कुठं थांबतात गाडीला?”

“आपल्याकडं. दुसरीकडं कुठं थांबतील? ओढा ओलांडून येतात.”

“ईश्वरप्पा?”

“त्यो पण. आठ दिवसाला लेकाकडं जातो लातूरला. डोळ्याचं करायचंय त्याला. येऊन बसतो पिंपळाखाली, लई वेळ आधीच. गाडी चुकंल म्हणून भ्यातो. उन्हात माझ्याकडं पाणी मागतो.”

लिंबाजीचा हात थांबला. भाकरी परातीत तशीच राहिली, कडा जाड. “देतीस?”

“देते की.”

“कसं देतीस?”

तिला प्रश्न कळला. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. “तांब्या हातात देते. वरून ओतत न्हाई.”

“आन् घेतो?”

“तोंड लावून पितो. रिकामा करून ठेवतो.”

त्याने भाकरी उचलून तव्यावर टाकली. ती मधे फाटली. त्याला तिला काहीतरी कठोर बोलायचं होतं, आणि ते काय हे त्याला नीट सापडत नव्हतं. तू का दिलंस असं नव्हे, त्याने का घेतलं असंही नव्हे. जे त्याने तीन कोस चालून, वहीत मेलेली माणसं जिवंत करून, नोकरी धोक्यात घालून मिळवलं होतं, ते तिने एका तांब्यात विरघळवून टाकलं होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती पाय पसरून, गुडघे दाबत, भिंतीला टेकून बसली होती. बाहेर देगलूरची गाडी हॉर्न देत गेली. त्याने फाटलेली भाकरी उलटली, पाण्याचा हात फिरवून ती जोडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ती तशीच भाजून ताटात घातली, वर चटणी ठेवली, तिच्यापुढे सरकवली.

“जेव,” तो म्हणाला. “सकाळी सातला गाडी हाय.”